माता-बालक : वरणाचे पाणी नव्हे, वरण!



गेल्या महिन्यात या सदराकडे एक पत्र आले. पत्र लिहिणारी भगिनी मूळची परभणी जिल्ह्यातली. पतीच्या नोकरीनिमित्त पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या एका खोलीत राहते. तिची मुलगी चौदा महिन्यांची आहे. वजन सव्वासात किलो, आणि गेले चार महिने काटा जागचा हललेला नाही. अंगणवाडीच्या ताईंनी तक्त्यावरचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात उतरल्याचे दाखवले, त्या रात्री तिला झोप लागली नाही. "मी तिला उपाशी ठेवत नाही हो," असे तिने लिहिले आहे. पुढे मुलीचा दिवसभराचा आहार दिला आहे. सकाळी वरणाचे पाणी, दुपारी भाताची पेज, चार वाजता चहात बुडवलेली दोन बिस्किटे, संध्याकाळी पुन्हा वरणाचे पाणी, आणि मधूनमधून अंगावरचे दूध. पोट भरते, मूल रडत नाही, पण अंगाला काही लागत नाही. डॉक्टरांनी अंडे द्या म्हणून सांगितले. पण घरमालकांनी खोली देतानाच अंडे-मटण शिजवायचे नाही अशी अट घातली आहे. दुकानदार पावडरचा डबा घ्या म्हणतो, तो परवडत नाही. काय करावे? आणि शेवटी एक ओळ : उत्तर खोलीच्या पत्त्यावर पाठवू नका, टपाल आधी मालकांच्या हाती पडते.

या भगिनीने काही चुकवले असे आम्ही म्हणणार नाही. तिने तिच्या आईने केले तेच केले. रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात मायबहिणी बसतात, तिथे आम्ही हा विषय काढला, तेव्हा दहापैकी सात-आठ जणींनी हाच आहार सांगितला. वरणाचे पाणी, पेज, बिस्कीट. एक आजी तर आम्हालाच म्हणाल्या, "आवं, लेकराला दात न्हाईत अजून. पानी न्हाई द्यायचं तर काय भाकर द्यायची?"

आजींना आम्ही त्याच दिवशी उत्तर दिले. होय, भाकरीच द्यायची. कशी, ते पुढे सांगतो. आधी वरणाच्या पाण्याचा हिशेब करू.

आठ किलोच्या मुलाचे पोट केवढे असते? किलोमागे साधारण तीस मिलिलिटर धरतात, म्हणजे एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी मावते. त्या वाटीत वरणाचे पाणी ओतले की पोट गच्च भरते, मूल शांत होते, आईला समाधान वाटते. पण डाळ शिजल्यावर तिचे सत्त्व राहते पातेल्याच्या तळाशी. वर जे निवळ पाणी येते त्यात हळद-मिठाचा रंग आणि चव असते, डाळ अगदी थोडी. आपल्या घरात असे होते की ज्याला वाढायचे आहे त्या तान्ह्याला वरचे पाणी, आणि ज्यांची वाढ कधीच पुरी झाली त्या आम्हा मोठ्यांना खालची डाळ! पेजेचेही तेच. मूल उपाशी नाही, पण त्याला अन्न मिळालेले नाही.

ही चाल पडली ती वेडेपणातून नव्हे. ज्या आजींनी विहिरीच्या, ओढ्याच्या पाण्यावर लेकरे वाढवली, त्यांनी हगवणीने गेलेली मुले डोळ्यांनी पाहिली आहेत. लेकराला जड काही दिले आणि त्याचे पोट बिघडले तर ते हाती लागायचे नाही, ही ती भीती. म्हणून "पचायला हलके" हा शब्द आपल्या घरात एवढा मोठा झाला. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे लहानपणीच गेली, यशवंत तेवढे वाचले. राजरत्न गेला तो १९२६ साली. तेव्हा ना आजच्यासारख्या लसी, ना हाताशी सलाईन, ना साखर-मिठाच्या पाण्याची माहिती. आज लस आहे, ओआरएसचे पाकीट आहे, नळाचे पाणी उकळून घेण्याची सोय आहे. भीतीचे कारण बरेचसे गेले, वरणाचे पाणी मात्र राहिले.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात अकराच निघाली. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरातील पस्तीस मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयाची शंभरातील जवळपास एकोणसत्तर मुले रक्ताने कमी. उंचीची खुंटलेली वाढ बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच खुंटते, आणि पुढे भरून निघणे कठीण जाते. मेंदूही याच दोन वर्षांत सर्वांत झपाट्याने वाढतो. आपण 'शिका' हा शब्द बालवाडीच्या दारापासून धरतो. आमच्या मते तो सातव्या महिन्यातल्या वाटीपासून धरावा.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नको, घुटी नको, मध तर वर्षभर अजिबात नको. मधातून लहान बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. सहा महिने पुरे झाले की मात्र एक दिवस दवडू नये. याचे कारण लोह. बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येते ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडे. शिदोरी संपली आणि वरून आली नाही की रक्त कमी होते, मूल मरगळते, भूकही मरते. भूक मेली म्हणून आई म्हणते, हा खातच नाही. आणि मग बिस्कीट पुढे येते.

इथे उष्टावणाबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, तेही मुहूर्त पाहून, हा हिशेब अजून काही घरांत चालतो. मामाला सुट्टी नाही, चांगला दिवस नाही, म्हणून आठवा महिना उजाडतो आणि बाळाच्या तोंडात घास गेलेला नसतो. मामाच्या मांडीवर बसून पहिला घास खाण्यात काही वाईट नाही, उलट फार गोड गोष्ट आहे. सहा महिने पुरे झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील घ्यावे, जमलेल्या सर्वांसमोर बाळाला मऊ खिचडीचा घास द्यावा. मुलगा असो की मुलगी, दिवस एकच. सिद्धार्थाने देह झिजवणारे उपोषण सोडले ते सुजातेच्या खिरीने, हे तर आपल्या मुलांनाही पाठ असते. उपाशी देहाने काही साधत नाही हे तथागतांनी स्वतः अनुभवून सांगितले आहे.

आता आजींची भाकर. ताजी ज्वारीची भाकर, वरचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग बोटांनी कुस्करावा. त्यावर घट्ट वरण ओतावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे, मग चमच्याच्या पाठीने किंवा बोटांनी घोटावे. वर एक छोटा चमचा तेल किंवा तूप. गोळा असा हवा की चमचा तिरपा केला तरी ओघळून जाऊ नये. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी अर्धे काम झाले : ओघळले तर पातळ, टिकले तर बरोबर. दाताची गरज नाही. बाळाच्या हिरड्या पुरेशा घट्ट असतात. तेल-तुपाला भिऊ नये. वाटी लहान असल्यामुळे थोड्या घासात जास्त बळ भरायचे तर स्निग्ध पदार्थ हवाच.

असाच वरण-भात, अशीच मुगाची खिचडी. खिचडीत तीन मुठी तांदळाला एक ते दीड मूठ डाळ घ्यावी, नावाला चार दाणे नव्हेत. त्यातच जो पाला हाताशी असेल तो बारीक चिरून शिजवावा : मेथी, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला. पिवळा भोपळा आणि गाजर बाळांना गोडसर लागतात म्हणून चटकन आवडतात. उतरवल्यावर दोन थेंब लिंबू पिळावे. लिंबामुळे डाळीतले, पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. वर्षापर्यंत वेगळे मीठ किंवा साखर घालू नये. आपल्याला अळणी लागते, बाळाला नाही. त्याने अजून मीठ चाखलेलेच नसते.

माप आणि वेळा अशा. सहा ते आठ महिने, दिवसातून दोन-तीन वेळा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग वाढवत वाढवत अर्धी वाटी. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा अर्धी वाटी, शिवाय एक-दोनदा मधले खाणे. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तितक्याच वेळा. वाटी म्हणजे अडीचशे मिलिलिटरची, वरणाची छोटी वाटी नव्हे. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. बाळाची वाटी वेगळी असावी. आईच्या ताटातून चिमणीचे-कावळ्याचे घास भरवले की प्रेम दिसते, पण लेकराने किती खाल्ले ते कळत नाही. नवा पदार्थ एकावेळी एकच, दोन-तीन दिवस द्यावा आणि पाहावे. अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, धाप लागली तर तो पदार्थ बंद करून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. असे क्वचितच होते.

नाचणीबद्दल अनेक भगिनी विचारतात. नाचणी चांगलीच, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पण सत्त्व पातळ करून पाजले तर तेही वरणाच्या पाण्याच्याच वाटेने जाते. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत खडखडीत वाळवून मंद भाजावी, दळून चाळून ठेवावी. मोड आल्यावर धान्यातला पिठाळपणा मोडतो, त्यामुळे खीर शिजवताना गच्च गोळा होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. आजीच्या आजीला कॅल्शियम हा शब्द ठाऊक नव्हता, पण मोड आणून दळायचे तिला ठाऊक होते. तीन भाग या पिठाला एक भाग भाजलेल्या मूगडाळीचे पीठ आणि थोडे शेंगदाण्याचे बारीक कूट मिसळले तर डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज उरत नाही. शेंगदाणा मात्र कुटूनच. अख्खा दाणा, फुटाणे, अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनळीत अडकते; असे प्रसंग घडतात आणि मिनिटांत जीव जातो.

डब्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाळाच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि बाळ-आहाराचे डबे यांच्या जाहिरातीला या देशात कायद्याने बंदी आहे. कायदा १९९२ चा, २००३ साली तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांखालील मुलांच्या सर्व तयार आहाराला लागू झाला. तरी दुकानदार, नातेवाईक, कधी कधी दवाखान्यातली माणसेसुद्धा डबा सुचवतात. आणि बाटली तर घरात आणूच नये. तिच्या बुचात, कोपऱ्यात दूध साचते, जंतू होतात, हगवण लागते. वाटी-चमचा धुवायला सोपा.

आता अंडे. पत्रातला खरा काटा हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय अ जीवनसत्त्व, बी-बारा आणि मेंदूला लागणारी द्रव्ये. अंड्याला सोलण्या-दळण्याचे कष्ट नाहीत, भेसळ नाही, पाणी घालून वाढवता येत नाही. एवढ्या थोड्या पैशांत एवढे देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही. सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडलेले अंडे, पिवळे आणि पांढरे दोन्ही, कुस्करून भातात देता येते. आठवड्यातून एकदा कलेजीचा सुपारीएवढा तुकडा शिजवून वाटून दिला तर लोहाची मोठीच भर पडते; मांसातले लोह डाळी-पाल्यातल्या लोहापेक्षा शरीराला सहज घेता येते. कोकणातल्या भगिनींनी काटे नीट काढून ताजा मासा द्यावा. सुकट-जवळा खारट असतो, म्हणून वर्षानंतर, दोन-तीन पाण्यांत भिजवून, थोडाच. २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आली, तेव्हापासून गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. मटणाचा भाव आपण जाणतोच. म्हणून अंड्याचे मोल आणखी वाढले आहे.

आणि नेमके हेच अंडे आमच्या भगिनींना चोरून खावे लागते. ही एकीचीच गोष्ट नाही. खोली भाड्याने घेताना आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग स्वयंपाकाचे विचारतात. आम्हाला एका बाईंनी सांगितले की त्या टरफले पिशवीत बांधून कामावर जाताना दूर टाकतात. लेकराच्या तोंडातला घास लपवावा लागावा, हे ज्या समाजात घडते त्याने आपल्याला स्वच्छतेचे धडे द्यावेत! बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. त्याचा अर्थ लेकराच्या अंड्याची लाज बाळगा असा कोणी काढू नये.

काही उपासक आम्हाला विचारतात की पहिल्या शीलाचे काय? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, तो प्रत्येकाने मुळातून वाचावा. ज्या घरांनी विचारपूर्वक मांसाहार सोडला आहे त्यांचा आम्ही आदर करतो. पण त्यांनी मग डाळ, दही, शेंगदाणे आणि पाला रोज न चुकता द्यावा आणि लोहाच्या औषधाकडे दुर्लक्ष करू नये. मोठ्यांचा नेम मोठ्यांनी पाळावा; त्याची भरपाई मुलाच्या वाटीत करणे ही आपली जबाबदारी.

सरकारलाही हे कळते. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद २०१६ साली झाली. मग शहरातल्या पत्र्याच्या वस्तीतल्या मुलाने काय केले, हा प्रश्न आमच्या महिला मंडळांनी आपापल्या नगरसेवकाला आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाला लेखी विचारायला हरकत नाही.

अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलांना जो घरी न्यायचा शिधा मिळतो तो जरूर घ्यावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा मोफत आहार हा हक्क ठरवला आहे. चव नाही म्हणून ही पाकिटे शेळीपुढे टाकलेली आम्ही पाहिली आहेत. वाईट निघाले, किडके निघाले तर अंगणवाडीच्या ताईंना दाखवून तक्रार लिहून द्यावी. बरे असेल तर त्यात पाला, तेल, अंडे घालून धिरडे करावे. शेळी काही वाढीच्या तक्त्यावर नसते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचे औषध आशाताईंकडून मिळते, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. त्याने शी काळी होते, घाबरू नये. वर्षानंतर जंताचे औषधही चुकवू नये.

बिस्कीट आणि पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, याबद्दल फार लिहायचे नाही. मैदा, साखर, तेल, मीठ. बाकी काही नाही. पण आम्हाला एक ठाऊक आहे. जी आई सकाळी सातला धुण्याभांड्याला जाते आणि चार वाजता परतते, तिने मोठ्या मुलीच्या हातात दहा रुपये ठेवले तर तिला दोष देणे सोपे आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी म्हणून बाजू मांडली, १९२९ मध्ये कायदा झाला. २०१७ पासून नोकरदार स्त्रीला सव्वीस आठवड्यांची रजा आहे. घरकाम करणाऱ्या बाईला यातले काहीच नाही. तेव्हा तिच्यासाठी आमची सूचना एवढीच की दहा रुपयांचे पाकीट न आणता दोन केळी आणावीत. रताळी, बटाटे पहाटेच्या भाकरीच्या विस्तवावर किंवा कुकरात उकडून ठेवावेत. सोलून कुस्करायचे काम मोठ्या मुलीला सहज जमते. दही-भात, पिकलेली पपई, चिकू, काकडी घातलेले मऊ थालीपीठ, वर्षावरच्या मुलाला शेंगदाण्याच्या कुटाची पोळी. यातले काहीही मधले खाणे म्हणून चालते. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात सकाळचे दुपारपर्यंत ठेवू नये. दही-भात आणि फळे त्या मानाने टिकतात. आणि चहा नाही. चहा डाळीतले, पाल्यातले लोह अडवतो. दोन घोट चहाने भूक मरते ती वेगळीच.

वर्षावरच्या मुलाला दूध पाजतच राहणाऱ्याही घरांचे उलटे चुकते. दिवसाला दोन कपांहून जास्त दूध प्यायल्यावर ते मूल जेवेल कुठून? गुटगुटीत दिसते, पण पापणी खाली ओढून पाहावे तर आत पांढुरके.

आजारपणात खाणे बंद करू नये. हगवण लागली की ओआरएस आणि अंगावरचे दूध, सोबत मऊ भात, केळे, दही. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारात झिजलेले इथेच भरून येते, आणि बहुतेक घरांत इथेच दुर्लक्ष होते. भरवताना मोबाइलमधली गाणी लावू नयेत, नाक दाबून कोंबूही नये. समोर बसावे, बोलावे, मुलाला हात घालू द्यावा. सांडेल, सांडू द्यावे. हात मात्र साबणाने धुवावेत, आईचे आणि बाळाचेही.

आता परभणीच्या भगिनीसाठी. बाई, तुमच्या मुलीला सकाळी नाचणीची घट्ट खीर शेंगदाण्याचे कूट घालून, दहा वाजता केळे, दुपारी डाळ-भाकरीचा काला तेल घालून, चारला दही-भात किंवा उकडलेले रताळे, संध्याकाळी पाला घातलेली खिचडी, आणि झोपताना तुमचे दूध. उकडलेल्या अंड्याला वास फार थोडा येतो; बटाट्यांच्या पातेल्यात, बटाट्यांबरोबर ते उकडते. कोणी विचारले तर काय सांगायचे ते तुम्ही ठरवा, आम्ही तुम्हाला खोली सोडायला लावणारा सल्ला देणार नाही. अंगणवाडीच्या ताई किंवा शेजारची एखादी भगिनी रोज एक अंडे उकडून देईल का, हेही विचारून पाहा. आमच्या माहितीत दोन वस्त्यांत बायकांनी अशी पाळी लावून घेतली आहे. पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा. दोनशे ग्रॅम जरी वाढले तरी आम्हाला कळवा. तसेच राहिले किंवा उतरले, पायावर सूज दिसली, दंडाच्या घेराची पट्टी लाल रंगात आली, तर आमच्या पत्राची वाट न पाहता सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात मुलीला न्या.

हा अंक तुमच्या माहेरच्या पत्त्यावर टाकला आहे. सोबत आईसाठी वेगळी चिठ्ठी आहे. त्यांनाही वरणाच्या पाण्याचे सांगितले आहे, पण जरा हलक्या हाताने.